सातवं झबलं

न्हाव्याच्या दुकानात 'केस' म्हणायचं नाही असा नियम केला तर लोक हसतील. पण टेलर मास्तरांच्या दुकानात तीस वर्षं 'फिट' हा शब्द उच्चारायला बंदी होती आणि कुणी हसलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.

गिऱ्हाईक बिचारं नवा शर्ट घालून आरशासमोर उभं राहायचं, छाती फुगवायचं आणि खुशीत येऊन म्हणायचं, "मास्तर, एकदम फिट!" त्यासरशी मशीन थांबायचं. मास्तर चष्म्यावरून असे बघायचे, जणू या माणसाने शर्टाबरोबर घरातलं भांडंही उचललंय.

"अंगाबरोबर म्हणा," मास्तर म्हणायचे. "मापात म्हणा, बेतात म्हणा. शब्दांना काय तोटा आहे?"

"मापात, मापात," म्हणत गिऱ्हाईक वरमून पायऱ्या उतरायचं आणि कोपऱ्यावर जाऊन सांगायचं, मास्तरांचा हात सोन्याचा, डोक्याची शिवण तेवढी जरा उसवलेली.

डोकं ठीकच होतं. मास्तरांच्या बायकोला फिट यायच्या, एवढंच. घरात त्या आजाराचं नाव होतं 'पाहुणी'. "काल पाहुणी येऊन गेली." "बऱ्याच दिवसांत पाहुणी फिरकली नाही." ही पाहुणी दार वाजवायची नाही, चहाला थांबायची नाही. दोन-तीन मिनिटं बसायची आणि निघायची. मागे सांडलेली कळशी, चावलेली जीभ आणि "मी कुठे होते?" असं विचारणारी एक बाई ठेवून जायची. एका दुपारी घरात कुणी नसताना ती मागच्या हौदापाशी आली. त्या दिवशी जाताना यजमानीणबाईंनाच सोबत घेऊन गेली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, शाळेत गेली होती.

ही मुलगी म्हणजे आपली मास्तरीण.

शाळेत कवायतीचे सर म्हणाले, "मुलांनो, रोज धावाल तर फिट राहाल," तेव्हा ती दप्तर तिथेच टाकून घरापर्यंत धावत आली होती. सरांना वाटलं, पोरीने उपदेश फारच मनावर घेतला. चौदाव्या वर्षी, काज करता करता तिच्या हातातून सुई पडली आणि ती उठली तेव्हा वडील तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पाहुणीने पत्ता लक्षात ठेवला होता.

तेव्हापासून सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी पांढरी गोळी. गोळीने पाहुणीचं येणं-जाणं आटोक्यात ठेवलं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. वडील गेल्यावर मास्तरणीने दुकान चालवलं, शाळांचे गणवेश धरले. पुढे विजेच्या मीटरचे आकडे घेत दारोदार फिरणाऱ्या एका सरळ माणसाशी लग्नही केलं. लग्नाआधी तिने त्याला सगळं सांगितलं, अर्थात पाहुणीच्या भाषेत. तो पाच मिनिटं गंभीर चेहऱ्याने ऐकत राहिला आणि म्हणाला, "येऊ द्या की. आमच्याकडे पाहुण्यांची सवय आहे." अर्थ कळायला त्याला आणखी एक दिवस लागला. तरी तो आला, यातच त्याचं मोठेपण.

मास्तरणीच्या डाव्या भुवईत एक फट होती. तिथे केस उगवत नसत. लहानपणी तिने आत्याला विचारलं होतं, "हे कशाने झालं?"

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. लग्न झालं नव्हतं, भावाच्याच घरी वाढलेली. तिच्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार होती. ती म्हणाली, "तुझ्या आईने पाडलं तुला. पाजता पाजता. पाहुणी आली आणि तू गेलीस मशीनच्या लोखंडी पायावर."

पुढचा दात कधी पडला हे सांगावं तितक्या सहज. पुन्हा विचारलं की पुन्हा तेच, तेवढेच शब्द, तोच क्रम. मास्तरणीच्या मनात ते चित्र पक्क्या टिपेने शिवलं गेलं. आई बसलीय, आईच्या छातीशी आपण आहोत, आईचे हात सैल पडतात. चित्रात आईला चेहरा नसायचा. हात मात्र स्पष्ट दिसायचे.

आणि आता तिला स्वतःला मुलगी झाली.

मुलगी गोल, गुटगुटीत. बापाने पहिल्याच दिवशी मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून तिचं नाव 'बॉबीन' ठेवलं. खरं नाव ठरेपर्यंत तात्पुरतं, म्हणजे कायमचं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. नव्या आयांना कसं पाजायचं ते शिकवत त्या एकेका खाटेपाशी थांबत होत्या. मास्तरणीच्या खाटेपाशी आल्या, बाळाचं तोंड नीट लावून दिलं आणि म्हणाल्या, "काही शंका?"

शंका होती. गेले नऊ महिने तीच एक शंका होती. मास्तरणीने धीर केला.

"सिस्टर, पाजताना पाहुणी आली तर काय करायचं?"

"पाहुण्यांना सांगायचं, बाहेर बसा," सिस्टर म्हणाल्या. "लाजायचं नाही, उठायचंही नाही. बाळ पोटभर प्यायल्याशिवाय सोडायचं नाही. आणि बाळाला घेणार असतील तर आधी साबणाने हात धुवा म्हणावं."

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "माझ्या नणंदेला सांगा हे. ती दिवसातून चार वेळा येते."

"चार वेळा?" मास्तरणीच्या तोंडून गेलं.

"आणि गेली की डोकं दुखतं ते वेगळंच."

सगळा वॉर्ड हसला. मास्तरीणही हसली. त्या हसण्यात तिची शंका वाहून गेली आणि सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. खरं म्हणजे एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरांचा. तो जिभेपर्यंत आलाच नाही. वडिलांनी त्याला घशातच टाका घालून ठेवला होता.

घरी आल्यावर तिने गोळ्यांच्या खोक्यातला घडी घातलेला कागद काढला. सतरा वर्षं ती खोकं उघडून कागद फेकत आली होती. या वेळी वाचला. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. 'अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.' तिने बॉबीनकडे बघितलं. बॉबीन झोपली होती. तेरा दिवसांचं मूल झोपणार नाही तर काय हिशेब तपासणार? पण मास्तरणीला वाटलं, ही फार झोपते. माझी गोळी हिच्या पोटात जातेय.

"मग डब्याचं दूध आणू का?" नवऱ्याने विचारलं.

"नको."

"अगं, लाखो मुलं पितात. मी प्यायलोय. बघ, काय वाईट झालोय?"

तिने बघितलं. तो म्हणाला, "बरं, ते उदाहरण सोड."

पण ती हसली नाही. तिला सांगता येईना. आईने सहा महिने पाजलं होतं आपल्याला, पाहुणी उंबऱ्यात उभी असताना. आईचं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. ना फोटो, ना आवाज. भुवईतली एक फट आणि ते सहा महिने. फट तिला मिळाली होतीच. दूध पुढे द्यायचं होतं.

म्हणजे गुंता असा झाला: पाजायचं तर गोळी नको, गोळी घ्यायची तर पाजायचं नको, आणि गोळी नाही घेतली तर पाहुणी. तीन टोकं, आणि गाठ कुठे मारायची ते कळेना. कुणाला विचारायचं तर तो शब्द बोलावा लागणार.

तिने मग शिंप्याच्या लेकीला सुचावं असं केलं. गोळी तळहातावर घ्यायची, नवऱ्यासमोर पाण्याचा घोट घ्यायचा आणि वळून गोळी बटणांच्या डबीत टाकायची. गणवेशाच्या शर्टांची पांढरी बटणं होती, शेकड्यांनी. त्यात पांढरी गोळी कोण शोधतंय? आधी संध्याकाळची टाकली. मग सकाळचीही.

पाचव्या दिवशी बॉबीन पाळण्यात होती आणि मास्तरीण मशीनवर बसली होती. फार नाही, एक बाही जोडायची होती. बाही जोडली, दोरा तोडला, कापड उलटून बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं.

टीप काठाला धरून सरळ चालली होती. मध्येच ती काठ सोडून कापडात आत शिरली होती, संथ, वाट चुकलेल्या माणसासारखी. वीतभर भटकून पुन्हा काठाशी आली होती आणि पुढे शेवटपर्यंत सरळ. टाके सगळे एकसारखे होते. कुणीतरी शांतपणे पाय चालवत होतं, कापड सरकवत होतं. ते कुणीतरी मास्तरीण नव्हती. तिला त्या वीतभर शिवणीतला एक टाकाही आठवत नव्हता.

ही मोठी पाहुणी नव्हती. ही नुसती डोकावून गेली होती. पण जाताना अक्षर ठेवून गेली होती.

मास्तरणीच्या मनात आलं, कापडावर निदान खूण राहते. तासापूर्वी मी हिला पाजत होते. तेव्हा किती टाके माझे होते?

त्या दिवसापासून ती घरात खुणा शोधायला लागली. घड्याळाचा काटा मघाशी इथेच होता का? चहा इतक्यात गार कसा झाला? पाजायला बसली की ती आकडे म्हणायची, एक, दोन, तीन, चार, आणि मध्ये एखादा गाळला तर अंगावर काटा यायचा. कधी वाटायचं, कोपऱ्यातल्या स्टुलावर कुणीतरी बसलंय, हात मांडीवर सैल सोडून, आपली वेळ होण्याची वाट बघत. मान वळवली की स्टुलावर कापडाचा तागा असायचा. नवऱ्याला ऐकू यायचं फक्त "एकशे चार, एकशे पाच". तो बिचारा आकड्यांचाच माणूस. त्याला वाटलं, बायको माझ्या वळणावर गेली.

तरी त्याला काहीतरी खुपलं असावं, कारण चौथ्या दिवशी त्याने आत्याला आणून दारात उभं केलं.

आत्या आता साठीला टेकली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पाठीला पोक, तोंडाचा पट्टा मात्र जसाच्या तसा. भाचीच्या लग्नानंतर ती आपल्या एका मैत्रिणीकडे राहायला गेली होती आणि तिथे दोघी मिळून तिसऱ्या कुणालाही नावं ठेवत सुखात होत्या. येताना तिने एक पत्र्याची पेटी आणली होती.

"तुझी झबली आहेत," ती म्हणाली. "दादा म्हणायचा टाकून दे. मी म्हटलं, फुकटची आहेत का? घाल आता हिला." मग बॉबीनकडे वाकून, "बघू गं. नाक आमचं घेतलंस होय? दुसरं नाही मिळालं?"

मीटरवाला म्हणाला, "आत्या, नाक माझंय."

"मग तर पोर मेलीच," आत्या म्हणाली आणि बॉबीनला अशी अलगद उचलली, जणू ती काचेची असावी.

दुपारी आत्या दाराशी उजेडात बटणं निवडायला बसली. डोळ्यांनी दिसत नसलं तरी बोटांना कळतं, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे. लहानपणापासून तिच्याकडे हेच काम. मास्तरीण आत पेटी उघडून बसली होती आणि बटणांचं तिला भानच राहिलं नाही, कारण झबली तिच्या हातात होती.

एकूण सात होती. पांढरी, आता पिवळट पडलेली. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातची शिवण तिने पहिल्याच नजरेत ओळखली. पण पहिल्या झबल्याच्या खालच्या काठाला काहीतरी होतं. तिने ते खिडकीशी धरलं. काठाला समांतर बारीक भोकांची रांग होती. उजेड त्यातून टाचणीच्या टोकाएवढा येत होता. एक रांग नाही, रांगेवर रांग. त्याच जागी कुणीतरी कच्चा टाका घातला होता आणि उसवला होता. पुन्हा घातला होता, पुन्हा उसवला होता. कितीतरी वेळा. कापड चाळणीसारखं झालं होतं.

दुसऱ्या झबल्याला तसंच. तिसऱ्याला, चौथ्याला. सहा झबल्यांना डाव्या कुशीशी आणि खालच्या काठाला तीच भोकं. सातव्याला एकही भोक नव्हतं. ते नवंकोरं होतं. फक्त गळ्याशी एक तपकिरी डाग होता, बटणाएवढा.

कच्चा टाका आपण कधी घालतो? एक कापड दुसऱ्या कापडाला तात्पुरतं धरून ठेवायचं असेल तेव्हा. हे झबलं कशाला धरून ठेवलं होतं?

तिने पुन्हा पहिलं झबलं घेतलं. टाके वाचणं हा तिचा धंदा होता. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून सुरुवात करून डावीकडे जातो. सुरुवातीला दोरा निसटू नये म्हणून एकाच जागी दोनदा सुई घालतो. इथे ती जोड-भोकं डाव्या टोकाला होती. सगळ्या रांगांना. ज्याने हे शिवलं तो डावखुरा होता. वडील उजव्या हाताचे. आणि वडील सांगायचे, आई शिवणकामात अगदीच कच्ची होती.

बाहेरून आत्याचा आवाज आला. "अगं ए मास्तरणे, हे कसलं बटण आणलंयस? याला भोकंच नाहीत!"

मास्तरीण झबल्यासकट दाराशी आली. आत्याच्या डाव्या हाताच्या चिमटीत एक पांढरी गोळी होती.

"अजून आहेत," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिने जिभेचं टोक लावून बघितलं. "कडू. ही बटणं नव्हेत. तुझ्या आईलाही असल्याच होत्या. किती दिवस झाले?"

"नऊ."

"आणि पाजतेस?"

"पाजते."

"मर मग," आत्या म्हणाली आणि लगेच डाव्या हाताने स्वतःचं तोंड दाबलं.

मास्तरणीने झबलं तिच्या मांडीवर ठेवलं. "आत्या, ही भोकं कुणाची?"

आत्याने बघितलं नाही. बोटं काठावरून फिरवली. दोनदा सुई घातलेल्या जागी बोट थांबलं. 

"माझी," ती म्हणाली. "मागाहून धुतली असती तर बुजली असती. मी धुतली नाहीत."

मग तिने सांगितलं. वहिनीला भीती वाटायची. पाजायला घेतलं की थरथरायची, की हात सुटेल. दादा दुकानात. मग मी वहिनीला म्हटलं, थांब, टाचून देते. तुझं झबलं मी तिच्या अंगावरच्या कपड्याला टाचायचे. खालून आणि कुशीला. दिवसातून आठ वेळा, नऊ वेळा. पिऊन झालं की दोरा ओढायचा, टाका निघायचा. सहा महिने. पाहुणी दोनदा आली त्यात. दोन्ही वेळा वहिनी आडवी झाली आणि तू तिला चिकटून, तोंडातलं सुटलंसुद्धा नाही. मूर्खासारखी पीत होतीस.

"आणि तिसऱ्यांदा?"

आत्याने सातवं झबलं मागितलं. हातात घेऊन त्याच्या कोऱ्या काठावर अंगठा फिरवला.

"मला बघायला आले होते त्याच्या दुसऱ्या दिवशी. नकार आला. घरात फिट आहे म्हणून. मी एकोणतीस वर्षांची होते गं. वहिनीने हाक मारली, बाळ रडतंय, टाचायला ये. मी म्हटलं, नाही येत जा. म्हटलं, तुझ्या फिटमुळे माझं वाटोळं झालं. तुझी फिट, तुझी फिट, तुझी फिट. दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत होती. आणि मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. चाक कुरकुरत लांब गेलं.

"पोर भुकेलेलं. तिने घेतलं तसंच. हे नवं झबलं त्याच दिवशी घातलं होतं. त्याला एकसुद्धा टाका पडला नाही."

"म्हणून अण्णांनी तो शब्द..."

"दादा मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त म्हणाला, या घरात तो शब्द पुन्हा नको. सगळ्यांना वाटलं, बायकोसाठी." आत्याने झबल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मी तुला सांगत आले, आईने पाडलं. ती वारली होती, तिला काय फरक पडणार होता. मेलेल्या माणसावर काय वाटेल ते टाकता येतं, ते उलट टाकत नाही. असं वाटायचं. तसं नसतं पण. ती बसते येऊन. पायऱ्यांवर बसले की शेजारी बसते. काही म्हणत नाही. हाकही मारत नाही; मारली तर या वेळी तरी जाईन."

मास्तरणीला इतकी वर्षं ज्या चित्रात फक्त सैल पडणारे हात दिसत होते, त्यात आता मागच्या पायऱ्या दिसायला लागल्या. आईला चेहरा अजूनही नव्हता. पण ती हाक मारत होती, हे कळत होतं.

बॉबीन रडायला लागली. मास्तरणीने तिला घेतलं आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"दवाखान्यात. तू चल बरोबर. मला वाटेत काही झालं तर हिला धर."

दवाखान्यात त्याच सिस्टर होत्या, रजिस्टरमध्ये डोकं घालून. मास्तरीण टेबलापाशी उभी राहिली. घशातला टाका तिने ओढला.

"सिस्टर, मला फिट येतात. मी बाळाला अंगावर पाजते. गोळ्या नऊ दिवस बंद केल्यात. काय करू ते सांगा."

मागे आत्याने श्वास आत ओढला. सिस्टरांनी मात्र साधं डोकं वर केलं. "पाहुणी, पाहुणी म्हणत होतात ते हे होय?" त्या म्हणाल्या. "अहो बाई, मग तसं बोलायचं ना! मी तुम्हाला हात धुवायला सांगून मोकळी."

डॉक्टरांनी गोळीचं नाव बघितलं, नऊ दिवसांबद्दल जरा रागावले आणि म्हणाले, या गोळीवर तुम्ही पाजू शकता. आज, आत्तापासून पुन्हा सुरू. आपल्या मनाने बंद करणं हेच सगळ्यात वाईट. बाळ पिताना फार सुस्त वाटलं, वजन वाढेना, तर लगेच घेऊन या. बाकीचं सिस्टरांनी सांगितलं. खुर्चीवर नाही, पलंगावर नाही, जमिनीवर गादी टाकून बसा. लोखंड, दगड, धारेचं काही जवळ नको. एकटीने नाही, शेजारी कुणीतरी हवं. झोप मोडू देऊ नका, झोप मोडली की ती येते. पहाटेचं एक दूध काढून ठेवा, नवऱ्याला पाजू दे.

"आणि टाचून घेतलं तर?" आत्याने मध्येच विचारलं.

"काय टाचून?"

"बाळ. आईला."

सिस्टरांनी आत्याकडे बघितलं. हसतील असं वाटलं, पण नाही हसल्या. "नको आजी," त्या म्हणाल्या. "आई अंगावर पडली तर बाळ सुटायला पाहिजे ना. दोरा नको. माणूस बसवा."

वाटेत आत्या पुटपुटत होती, "दोरा नको म्हणे. तिला काय कळतंय. मी काय मेले होते? माणूसच होते मी."

मीटरवाल्याने मशीन दुसऱ्या भिंतीला हलवलं, जमिनीवर गादी घातली आणि दाराच्या मागे पेन्सिलीने पाजण्याच्या वेळा लिहायला लागला. बटणांची डबी आत्याने तीनदा चाळली. रोज दोन वेळा ती मास्तरणीपुढे गोळी धरायची आणि म्हणायची, "गिळ. जीभ दाखव. वर कर." मीटरवाला म्हणाला, "आत्या, तुरुंगात नोकरी केली असतीत तर बढती मिळाली असती." त्यावर आत्याने त्यालाही जीभ दाखवायला लावली.

आणि पाजायची वेळ झाली की आत्या हाताच्या अंतरावर बसायची. दोरा नव्हता. पण डाव्या हाताच्या चिमटीत ती बॉबीनच्या झबल्याचा काठ धरून ठेवायची, मशीनखाली कापड धरावं तसा. "सोड की, आखडेल हात," मास्तरीण म्हणायची. "तू तुझं काम कर," आत्या म्हणायची. स्टुलावरचा तागा मास्तरणीने आत ठेवून दिला होता, तरी स्टूल पूर्ण रिकामं वाटत नसे. दोघीही तिकडे बघत नसत. बॉबीनचं वजन वाढत होतं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्याला अकरा दिवस झाले होते. सकाळची साडेदहाची वेळ. मास्तरणीला आठवतं ते इतकंच: खिडकीतलं ऊन गादीच्या शिवणीपर्यंत आलं होतं आणि बॉबीनच्या गिळण्याचा आवाज येत होता, टक्, टक्, मशीन हळू चालवल्यासारखा.

मग काही नाही.

मग आधी आवाज आला. कान पहिले परत येतात. डोळे आणि जीभ मागाहून. कुणीतरी बोलत होतं, भराभर, श्वास न घेता, आणि एक लहान मूल चिडून रडत होतं, अर्धवट जेवणावरून उठवल्यासारखं. तोंडात रक्ताची चव होती. गाल गादीवर होता. डोळ्यांपुढे पांढरट कापडाचा एक तुकडा होता, आणि त्याचा काठ एका म्हाताऱ्या डाव्या मुठीत. मूठ इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"वहिनी," तो आवाज म्हणत होता, "वहिनी, मी इथेच आहे हं. कुठे गेले नाही. बघ, धरलंय. सुटलं नाही, वहिनी. बघ ना."

मास्तरणीची जीभ जड होती. मी वहिनी नाही, असं म्हणता आलं असतं, आणखी एका मिनिटाने. तिने ते मिनिट जाऊ दिलं.

"बघितलं," ती म्हणाली.

आत्याने मूठ मात्र लगेच सोडली नाही. बॉबीनचं रडणं चालूच होतं. एकच बाजू झाली होती तिची.